कुरडयांचं पार्सल

नाशिकच्या पोस्टात रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. दोघींच्या हातात कुरडयांचे डबे.

“सुलाबाई, तुमच्या लेकीकडं रत्नागिरीत कुरडई वाळतच नसेल.”

“भर मे महिन्यात दमट, बाई. डब्यातलीसुद्धा सादळते. तुमच्या लेकाकडं, रविराजकडं, जैसलमेरला?”

“दोन तासांत खडखडीत! घाम नाही, चिकचिक नाही.”

“आणि नाकातोंडात वाळू जाते, थंडीत दात वाजतात, ते?”

“वाजू देत. पावसाळाभर कपड्यांना कुबट वास तर येत नाही!”

“मग दोन तासांत वाळते तिथं, तर हा डबा कशाला?”

“ओल्या कुरडया त्यानं चोरून खाल्ल्या, तर ओरडायला तिथं मी आहे का? माझा ओरडा खाल्ल्याशिवाय त्याला कुरडई गोडच लागत नाही.”

“आता काय डबा ओरडणार?”

“चिठ्ठी टाकलीय आत. ‘हात लावशील तर बघ!’”