येते की येत नाही

— नाही गं, पाणी नको, मी काही बसायला नाही आले. एवढंच सांगायचंय की तुमच्या हॉस्पिटलातल्या पुढच्या आठवड्याच्या मुलाखतीला माझी सून येत नाही. तिनंच पाठवलंय मला. म्हणजे... पाठवलंच म्हण. ती आंघोळीला गेली की फोन माझ्या ताब्यात, आणि तू नेमकी तेव्हाच करतेस. तो घोगरा बाप्या 'राँग नंबर' म्हणून खेकसतो ना तुझ्यावर — मीच ती. हसतेस काय, दूधवाला अजून टरकतो त्या आवाजाला. पण तू काही पिच्छा सोडेनास, मग म्हटलं समक्षच जाऊन 'नाही' म्हणून सांगावं, नाहीतर एखाद्या दिवशी तीच उचलायची.

तारीख दिलीत तेव्हा किती लांब होती गं. एवढ्या आधी कुणी तारीख देतं का? मी तिला म्हटलं, जा की खुशाल, तोवर मी कुठली असायला. दोघी हसलो. आता आली तारीख, आणि मी आपली इथंच, ठणठणीत — दात तेवढे गेले.

नोकरी चांगलीये, कळतं मला. मोठं हॉस्पिटल, हाताखाली चार नर्सा, राहायला खोली — एकटीला. एकटीलाच ना? तेच विचारत होते. मुलगा गेल्यापासून आम्ही दोघीच. भाजी निवडताना मी साहेब होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि तिची मुलाखत घेते. 'बाई, पेशंट चावला तर काय कराल?' — अशी खिदळते ती. काल विचारलं, 'घरी कोण असतं?' म्हणाली, 'सासू, साहेब.' 'मग तिचं काय करणार?' — चेष्टेतच गं. तर ती उठली, दूध उतू जाईल म्हणाली. गॅसवर दूध नव्हतंच.

तेव्हापासून तिची चप्पल वाजली तरी वाटतं, निघाली. मोरीत पडले-बिडले तर दार कोण उघडणार? कडी तर आतून असते. मी भित्री नाही हां, मी लोकांना भिववते.

काय? ती स्वतः नाही म्हणाली का? ...तिनं साडी घडी करून ठेवलीये, मुलाखतीची. इस्त्री नीट बसावी म्हणून गादीखाली. माझ्याच गादीखाली — मी जड ना. रोज निजते मी त्यावर.

तुला एवढंच हवंय — येते की येत नाही. सांगते की. ये... थांब जरा. जीभ आज अशी का करतेय. जाऊ दे, उद्या सांगेन. कळवायला आजचाच दिवस आहे? असू दे. बरं, येते मी.

— काय दाबलंस आता त्या कंप्युटरवर? 'येते'? अगं वेडे, ते मी माझं म्हटलं, निघताना जाते कसं म्हणायचं — पूस ते. पूस...

नको. राहू दे. हात काढ त्यावरून. आणि परत फोन केलास तर तिलाच माग. तो घोगरा बाप्या गेला म्हणावं.