समोरच्या वाहनाचा मालक

अरे, चहा ठेवा बाजूला, आधी हे ऐका! दरसाल गाडीचा फुल इन्शुरन्स बराबर टायमावर भरून राह्यलो, पण आजवर एक रुपया परत आला न्हाई. दरवाजा चेपला तर म्हणे किरकोळ आहे, टायर फुटला तर म्हणे टायर यात बसत न्हाई. यंदा मात्र पक्का क्लेम होता! मायला घेऊन राजूरच्या गणपतीला गेल्तो. प्रसादाचे पेढे गाडीतच राह्यले. सकाळी चावी फिरवली तर गाडी मुकी! मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, तर उंदरानं सगळी वायरिंग कुरतडलेली.

लगेच कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. तिकडून बाई म्हणाली, "सर, कोणत्या वाहनानं नुकसान केलं?"

मी तोंड उघडायच्या आत माय बाजूनं ओरडली, "गणपतीच्या!"

"बरं. मालकाचं नाव गणपती. पत्ता?"

"राजूर, तालुका भोकरदन!"

मी हात जोडून मायला गप बस म्हणून राह्यलो, अन् तिकडं बाईचं टाइप करणं चालूच! "अहो मॅडम, उंदीर, उंदीर!" म्हणेपर्यंत फोन कट.

आज मेसेज आला. 'समोरच्या वाहनमालकाशी संपर्क न झाल्याने आपला क्लेम नामंजूर.'

मी वाचून दाखवला, तशी माय भडकलीच.

"खोटारडे मेले! काल चतुर्थीला मीच भेटून आल्ते, घरीच तर होता तो!"