जेल गोठण्याआधीचा फोटो

लेक : नाही लिहिणार मी त्या पेपरचं नाव. किळस येते मला.

बाबा : अगं, अर्जात ‘संशोधनाची पार्श्वभूमी’ असा रकानाच आहे. पाचला मुदत संपतेय. मटेरियल सायन्सची पदवी, वर तीन वर्षं प्रयोगशाळा, आणि छापून आलेला पेपर एकच. तोच गाळलास तर रकान्यात काय भरशील, माझं वय?

लेक : थट्टा नको, बाबा.

बाबा : बरं, राहिलं. पण किळसेचं मला सांगू नकोस. तीस वर्षं जखमा धुऊन पट्ट्या बांधतोय मी.

लेक : तुमच्या जखमेला वास तरी येतो. याला तोही नाही. हा फोटो बघा.

बाबा : काळे ठिपके. छान सुटे सुटे आहेत की.

लेक : चांदीचे कण. केसाच्या जाडीत तीन-चार हजार ओळीनं बसतील, इतके बारीक. जखमेवर लावायच्या जेलमध्ये असे सुटे राहिले तर तिथले जंतू मारतात. खाली काय लिहिलंय?

बाबा : ‘जेलमधील कण.’

लेक : जेलमधले नाहीतच ते! पातळ द्रावणातले आहेत, जेल गोठायच्या आधीचे. गोठायला लागलं की एकमेकांना चिकटतात मेले. अकरा महिने मी नुसत्या गुठळ्या बघितल्या. शेवटी प्रयोगशाळेचे सर म्हणाले, ‘आधीचा फोटो लाव. कण तेच, बाटली तीच. कोण विचारतंय?’

बाबा : मग हलकटपणा त्यांचा. तू का जळतेस?

लेक : लावला कुणी? खालच्या पट्टीत नमुन्याचा नंबर होता, ती पट्टी मी कातरली. वर संध्याकाळी सरांनी आणलेला केक खाल्ला. आता देवापुढे हात जोडले की हेच हात दिसतात.

बाबा : हे जेल पुढे कुठं जाणार होतं?

लेक : गेलंय. आठ दिवसांपूर्वी कळलं. एका हॉस्पिटलात भाजलेल्या वीस जणांवर लावून बघणार आहेत, सोमवारपासून. परवानगी मिळाली ती पेपरच्या जोरावर.

बाबा : आणि आत गुठळ्या असल्या तर?

लेक : जंतू मरणार नाहीत. पण वरून जखम ओलसर, स्वच्छ दिसेल.

(बाबा चष्मा काढून टेबलावर ठेवतात.)

बाबा : तसली जखम उघडलीय मी. वरची पट्टी पांढरीशुभ्र. माणूस हसून सांगतो, आज बरं वाटतंय. आणि खाली... शी! मघापासून मी तुला रकाना भरायला सांगतोय. राहू दे तो अर्ज. आधी त्या हॉस्पिटलला कळव, पेपर छापणाऱ्यांना कळव.

लेक : मेल लिहून ठेवलाय, आठ दिवस झाले. बोट उठत नाही. सरांचं शिफारसपत्र गेलं तर मला कुणी दारात उभं करणार नाही, बाबा.

बाबा : नाही करणार.

लेक : असं तोंडावर सांगता?

बाबा : मग खोटा दिलासा देऊ? तो तुला तुझ्या सरांनी पुष्कळ दिलाय. वाच मोठ्यानं.

लेक : ‘चित्र क्रमांक तीन जेलचं नाही. ते मी लावलं.’

बाबा : सरांनी सांगितलं, ते नाही लिहिलंस?

लेक : दुसऱ्या ओळीत आहे. पहिली ओळ माझी.

बाबा : पाठव, पोरी.

लेक : ...गेला. सरांनाही प्रत गेली.

बाबा : हं. वीस मिनिटं आहेत अजून. आता सांग, तुझ्याकडे खरं काय आहे?

लेक : जेल गोठताना कण नेमके केव्हा चिकटायला लागतात, तेवढं. चौदाव्या मिनिटाला. दोनशे सहा वेळा बघितलंय. पण हे कुणाला हवंय?

बाबा : परवा कुणीतरी परत जेल करायला बसेल, त्याला. लिही.

लेक : सरांचा फोन येतोय.

बाबा : वाजू दे. दोनशे सहा आकड्यात लिहितेस, की अक्षरात?