भुऱ्यावर आलेला आळ

श्रोतेहो, आज देवासमोर एकच प्रश्न ठेवतो. शिक्षा आधी दिली आणि चौकशी नंतर केली, तर ती शिक्षा परत घेता येते का? लगेच माना डोलवू नका — आधी ऐका.

साताऱ्यात त्र्यंबकराव नाडगौडा म्हणून गृहस्थ होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. घरी विधवा धाकटी बहीण गोदूताई, आणि तिचा म्हातारा कुत्रा भुऱ्या. बंगल्यापुढं लॉन, त्र्यंबकरावांनी स्वतः लावलेलं. पाहुण्यांनी चपला काढूनच बसायचं, तेही कडेला! देवळातसुद्धा इतकं सोवळं नसतं, मंडळी.

गणपती होऊन गेले आणि लॉनवर पिवळे डाग दिसू लागले. आज एक, परवा तीन. पाणी वाढवलं, खत टाकलं — डाग पसरतच गेले. एका सकाळी भुऱ्या तिथंच पाय वर करताना दिसला. झालं, गुन्हेगार सापडला!

"गोदू, ह्याच्या मुतानंच गवत जळतंय. हा आता इथं राहणार नाही."

"दादा, नऊ वर्षं तो तिथंच जातोय. मग डाग आत्ताच कसे पडले?"

साधा प्रश्न होता. पण राग आलेल्या माणसाला ऐकू येतं का?

दूधवाल्याच्या कोरेगावच्या मळ्यावर भुऱ्याची रवानगी झाली. टेंपोतून तो गोदूताईकडं बघत राहिला. ती आत निघून गेली.

पंधरा दिवस झाले, डाग वाढतच होते. शेवटी नर्सरीवाल्या पार्वतीबाई शेलारांना बोलावलं. बाई खाली बसल्या, पिवळं गवत मुठीत धरून ओढलं — सतरंजीसारखं वर आलं! मुळं नव्हतीच. खाली मातीत वेटोळी घालून पांढऱ्या अळ्या.

"हुमणी आहे ही, काका. मुळं खाते."

"मग कुत्र्यामुळं नाही?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"कुत्र्याचा डाग ताटलीएवढा. कडेचं गवत उलट जास्त हिरवं होतं, आणि ओढलं तरी असं निघून येत नाही. तुम्ही ओढून बघितलं नव्हतं?"

नव्हतं, मंडळी. एकदाही वाकले नव्हते.

तसेच रिक्षा करून ते कोरेगावला गेले. दूधवाल्यानं मान खाली घातली. "साहेब, चार दिवस अन्नाला शिवला नाही. पाचव्या दिवशी दोरी कुरतडून निघाला. साताऱ्याच्या रस्त्यावर ट्रकखाली सापडला. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

त्र्यंबकराव घरी आले. गोदूताईनं त्यांच्या मागं फाटकाकडं पाहिलं. मागून कुणी येत नव्हतं.

"गोदू, ते डाग त्याचे नव्हते गं," एवढंच म्हणाले, आणि पायरीवर बसून रडले. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता, असं मी म्हणणार नाही.

हुमणीवर औषध मिळालं. चार महिन्यांत गवत पुन्हा दाट झालं. त्यावर त्र्यंबकराव परत कधी बसले नाहीत.

आता माझ्याकडं नका बघू, आपापल्या घराकडं बघा. सून आली आणि घर बिघडलं, म्हणता. भाऊ पार बदलला, म्हणता. वाकून बघितलंत का कधी? आता टाळ वाजतील, आपण सगळे विठ्ठलाचं नाव घेऊ. त्याआधी, न तपासता दाराबाहेर काढलेलं तुमचं जे कुणी असेल — घटकाभर त्याचं नाव मनात घ्या. आणि ते माणूस अजून असेल, तर उद्यावर ढकलू नका.