पीळ

आपल्या पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या दोन मोठ्या धमन्या उलट्या लागल्यात, हे विल्माला नुकतंच कळलं होतं. परळच्या हॉस्पिटलात ती डॉक्टरांची वाट बघत होती. मागच्या बाकावर शीव कोळीवाड्यातली तुळसा बसली होती. तिचा मुलगा रूपेश धावतच आला.

"आई, बाळाचे ओठ गुलाबी झाले!"

"काल तर जांभळे होते रे."

"काल धमन्या उलट्या होत्या ना. ऑपरेशन करून आपापल्या जागी लावल्या."

"पण उलट्या झाल्याच कशा?"

"आधी एकच नळी असते. मध्ये पीळदार पडदा येतो आणि तिच्या दोन होतात. ह्याचा पडदा सरळच आला, पीळ पडलाच नाही."

"मी तेजस्वीला मासळीची पाटी उचलू दिली, त्याने नाही?"

"नाही गं. दिवस गेल्याचं तिला जेमतेम कळलं होतं, तेव्हाच हे होऊन गेलेलं."

"नक्की?"

"डॉक्टरांनाच विचारलं मी."

"मग चल, आधी सुनेला सांगू दे."

विल्माने वळून विचारलं, "भाऊ, गुलाबी म्हणजे अगदी गुलाबी?"

उठलेली तुळसा तिच्या पोटाकडे बघून परत बसली.

"ये पोरी, इथे बस. रूपेश, फोटो दाखव हिला."