कुंकवाचा काही दोष नव्हता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या कारखान्याचे कार्यकारी संचालक माननीय अमृतराव शेळके साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय संचालक, एकतीस वर्षं वजनकाटा सांभाळून आज निवृत्त होणारे आपले चनबसप्पा अण्णा, नीलम्मा काकू, आणि जेवणाच्या पंगतीकडे एक डोळा ठेवून बसलेल्या बंधुभगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी दोनवर थांबणारा माणूस नव्हे. शाळेतही थांबलो नाही, बारावीतून निघालो. केमच्या स्टेशनवर चहा विकला, हैदराबादला केबली ओढल्या, तिथं एक माणूस भेटला, तो पोपटाला... असो. तर फिरत फिरत इथं कॉम्प्युटर सांभाळायला आलो, सहा महिन्यांच्या बोलीवर.

काट्याचे, गेटचे, ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर काटाघरातल्या एका डब्यात जोडलेत. त्याला स्विच म्हणतात. खंडेनवमीला अण्णांनी काट्याला हळदकुंकू वाहिलं, तसं त्यालाही वाहिलं.

नोव्हेंबरात त्या डब्यात कंपनीचा नवा प्रोग्रॅम भरायचा होता. फाईल माझ्या लॅपटॉपवरून केबलीनं पाठवायची. लॅपटॉप आणि डबा, दोघांना एका गल्लीतले पत्ते दिले, तरी फाईल हलेना. लॅपटॉपचा फायरवॉल, म्हणजे त्याचा राखणदार, दारात आडवा! तो बाजूला केला, तेव्हा कुठं फाईल निघाली.

अण्णांनी विचारलं, “निघालं तेवढंच पोचतंय का, बघतोस काय रे? आमी गाडी भरलेली मोजतो, रिकामी पण मोजतो. मगच पावती.”

मी म्हटलं, “अण्णा, हा ऊस न्हाय.”

इतक्यात बाहेर खिलारी बैलांची जोडी आली. काय शिंगं होती, सांगू! लॅपटॉप कुणी उचलून नेऊ नये म्हणून तो काखेत मारला आणि बघायला गेलो. हो, केबल निघाली. परत येऊन बघितलं तर डब्यात फाईलचं नाव दिसत होतं. नाव आहे म्हणजे फाईल आहे, असं समजून डबा बंद करून चालू केला.

चालू झालाच नाही. फाईल अर्धीच पोचली होती. काट्याचे कॉम्प्युटर ठप्प, गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. गाडीवरून सोजरबाई ओरडल्या, “आरं इंजिनेरा, ऊस वाळून चिपाड झाल्यावर मोजणार व्हय?”

अण्णा मात्र शांतपणे हातानं पावत्या लिहीत बसले. मी दुसऱ्या बारीक केबलीनं फाईल पुन्हा पाठवली. ती मुंगीच्या पावलानं तीन तास जात होती. या वेळी मात्र दोन्हीकडचा आकार ताडून बघितला, शेवटच्या आकड्यापर्यंत.

साहेब, तेव्हा तुम्ही येऊन विचारलंत, “हे कुणामुळं झालं?” माझं तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, “साहेब, कुंकू मीच लावलो होतो. आत गेलं असंल.”

एकतीस वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकात त्यांना मेमो मिळाला: यंत्रावर कुंकू टाकून काटा बंद पाडला.

मी नंतर भांडलो. “का ओ अण्णा, असं केलात?” तर जेवणाचा डबा उघडत म्हणाले, “मला दोन म्हैन्यात पोराकडं जुळे सोलापूरला जायचंय. तुला कुटं जायचंय? बा, ऊटा माडू. ये, जेव.” आणि शेंगाचटणी पुढं केली. मी जेवलो. गप्प राहिलो. मला काय म्हणायचं ते म्हणा.

मी मागच्या आठवड्यात नोकरीत कायम झालो. साहेब, आता ती राहील का, ते तुमच्या हातात आहे. पण तो मेमो आज अण्णांच्या पुस्तकातून काढा आणि माझ्या नावानं करा. बिरुदेव ज्ञानबा कोळेकर. कारणाच्या रकान्यात कुंकू नको. ‘फाईल अर्धी सोडून बैल बघायला गेला’ असं स्वच्छ लिहा.

अण्णा, डोळे काय वटारताय? बसा की खाली.

इतका वेळ ऐकून घेतलंत, आपला ऋणी आहे. बोलण्यात वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. ही एक चूक मात्र घालू नका. ती अण्णांनी दोन महिने पोटात ठेवलीय, आता त्यांना सुखानं जेवू द्या.