दोन पानं

लोणावळ्यात डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक आबा बसले होते. त्यांची मुलगी तपासणी करून बाहेर आली.

"डोळे ठणठणीत आहेत म्हणाले."

"मग चष्मा न्हाई?"

"नाही. लागला असता तर बरं झालं असतं, आबा. पुस्तक उघडलं की दोन ओळींत हात मोबाइलकडे जातो. दिवसभर हॉटेलच्या काउंटरवर तेच, इकडे फोन, तिकडे मेसेज. घरी आले तरी डोकं तिथंच."

"मी एकोणतीस वर्सं रूळ ढिला पडू नये म्हनून त्याच्या चाव्या ठोकत चाललो. रोज त्योच रूळ."

"कंटाळा नाही यायचा?"

"लय यायचा. पन मागनं गाडी यायची."

"माझ्या मागून कुठली गाडी येतेय? रविवारी विहारात बुद्धांचं चरित्र वाचून दाखवायला बसते तर निम्म्या बायका पेंगतात. गेल्या रविवारी माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली, कुणाला कळलंसुद्धा नाही. आता शेजारच्या अमृताला वाचू दे. मला नाही जमत."

"विहारात तुझ्यासमोर बसती ती येसूबाई आलती सकाळी."

"कशाला?"

"इचारत होती, बुद्ध घर सोडून निघाले ते लगेच पिंपळाखाली कसे बसले? मधली सहा वर्सं कुटं गेली?"

"येसूमावशीला तर वाचता येत नाही."

"न्हाई येत."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगनार? पोरीचं डोळं दावाय चाललोय म्हनलं."